मनमिळाऊ शिकाऱ्याची निवड

एका जंगलात एक काचेची टाकी होती. जंगलात काचेची टाकी आली कुठून, असं ज्या मुलांच्या मनात आलं असेल त्यांनी ते मनातच ठेवावं. मोठेपणी सभांना बसायचं आहे तुम्हाला. आत्तापासून सवय झालेली बरी.

टाकी होती गवा महाराजांची. गवा महाराज म्हणजे त्या जंगलाचे राजे. सिंह तिथे नव्हताच, म्हणून सगळ्यात जाड कोण एवढं बघून राजा नेमला होता. महाराज रोज दुपारी रवंथ करत टाकीसमोर बसायचे. मासे इकडून तिकडे गेले की महाराजांची मान इकडून तिकडे जायची. राज्यकारभार काय तो एवढाच.

टाकीत तीन मोठे मासे होते. पहिले सुवर्णराव. हे सोनमासे. पोट इतकं सुटलेलं, की वळायचं झालं तर आदल्या दिवशी ठरवावं लागे. दुसरी झालरबाई. ही एंजल जातीची, उंच आणि पातळ, अंगाभोवती लांब लांब झालरी. झालरी चुरगळतील म्हणून ती कोणाच्या जवळून जायची नाही. तिसरे चिकटेकाका. हे सकर मासे, म्हणजे काचेला तोंड लावून दिवसभर शेवाळ चाटणारे. तोंड कायम काचेला, त्यामुळे काकांचं मत काय हे आजवर कोणाला कळलं नव्हतं. म्हणून सगळे त्यांना फार विचारी समजत.

हे तिघं मिळून टाकीची निवड समिती. टाकीत नवीन कोण येणार ते हे ठरवायचे.

बाकी सगळे गप्पी मासे. होते चाळीसेक. डासांच्या अळ्या खातात म्हणून विहिरीत सोडतात ना, तेच ते. नखाएवढे. समितीवर त्यांच्यापैकी कोणी नव्हतं, कारण समितीवर यायला लांबी किमान चार बोटं हवी असा नियम होता. माशांना बोटं नसतात, हे मला माहीत आहे. नियम करणाऱ्यांनाही माहीत होतं.

या गप्पींमध्ये एक होती द्वारकी. तिला दिवस गेले होते. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि ते पिल्लू असतं तिळाएवढं. द्वारकीचं पोट टम्म झालं होतं आणि तिच्या जिवाला एकच घोर होता. पिल्लं जगायला हवीत. बस्स. बाकी या गोष्टीत काय काय मोठं मोठं येईल त्याने हुरळून जाऊ नका.

तर झालं काय, महाराज एकदा शेजारच्या जंगलातल्या डुक्कर राजाकडे जेवायला गेले आणि तोंड पाडून परत आले. आल्या आल्या त्यांनी कारभाऱ्याला हाक मारली. कारभारी म्हणजे हुप्पाजी वानर.

"हुप्पाजी, त्या डुकराच्या टाकीत शिकारी मासा आहे! पाइक म्हणतात. लांबच्या कुठल्या नदीतला. सडपातळ, टोकदार, आणि असा एकटक बघतो की समोरचा जागच्या जागी गार! आणि आमच्याकडे काय? हे जाडे सुवर्णराव!"

"आणू की महाराज," हुप्पाजी म्हणाला. "पण शिकारी मासा खातो हो."

"काय खातो?"

"मासे."

महाराजांनी दोन घास रवंथ केलं. "मग न खाणारा शिकारी आणा. दिसायला शिकारी आणि वागायला मनमिळाऊ. आमच्या टाकीत सगळे गुण्यागोविंदाने राहतात, ते मोडता कामा नये."

हुप्पाजी वीस वर्षं कारभारी होता. वीस वर्षं कारभारी राहिलेला माणूस, म्हणजे वानर, 'असं काही नसतं महाराज' हे वाक्य विसरून गेलेला असतो. तो म्हणाला, "मिळेल."

आणि चौथ्या दिवशी तीन पिशव्या घेऊन आला. तिन्हींत पाइक. एक मोठा, एक मधला, एक बुटका.

"यांच्यात बुटकी जातपण असते, महाराज. ती चारचौघांत राहते, असं दुकानदाराने छातीला हात लावून सांगितलंय."

"कोणाच्या छातीला?"

"स्वतःच्याच, महाराज."

पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या. बाहेरून आलेला मासा लगेच पाण्यात सोडत नाहीत. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी सारखं कोमट व्हावं लागतं, नाहीतर पाहुणा गारठतो. तेवढ्या वेळात समितीने तोंडमाप करायचं, अशी तिथली जुनी रीत. पाहुण्याने पिशवीत आ करायचा आणि समितीच्या एकेका सभासदाने त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं. सभासद त्या तोंडात मावेल असं दिसलं की पाहुणा अयोग्य. नाही मावला की योग्य.

पहिला पाइक दीड हात लांब. त्याने आ केला. सुवर्णराव समोर गेले, आत डोकावले, आणि आयुष्यात पहिल्यांदा झटकन वळले.

"या उमेदवाराच्या संस्कारांत मला काहीतरी कमी वाटतं," ते म्हणाले. "आपल्या टाकीच्या परंपरेत हे बसणार नाही."

दुसरा वीतभर. सुवर्णराव त्याच्या तोंडात मावत नव्हते, त्यामुळे त्यांना तो बरा वाटला. पण झालरबाई समोर गेली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण पापडासारख्या दुमडून आत जाऊ.

"माझं वैयक्तिक काही नाही हं," ती म्हणाली. "पण तत्त्व म्हणून हिंसेला माझा विरोध आहे."

तिसरा बुटका. पाच बोटं जेमतेम. त्याने आ केला. सुवर्णराव मावले नाहीत. झालरबाई मावली नाही. चिकटेकाका काचेवरून हललेच नाहीत, म्हणून पिशवी त्यांच्या पाठीमागे नेऊन माप घेतलं. काकाही मावले नाहीत.

"अगंबाई, किती गोड आहे!" झालरबाई म्हणाली. "आणि डोळे बघा कसे सात्त्विक."

"लहानखुरा आहे," सुवर्णराव म्हणाले. "लहान मासे मुळात निरुपद्रवी असतात."

तेवढ्यात खालून आवाज आला. "साहेब, मी एकदा उभी राहू का त्याच्यासमोर?"

द्वारकी होती.

"तू? कशाला?"

"मावते का बघते."

सुवर्णराव हसले. त्यांचं पोट बराच वेळ हसत राहिलं. "अगं द्वारके, तोंडमाप समितीचं असतं. तुझं नाही."

"पण साहेब, तुम्ही मावलात काय आणि नाही मावलात काय! तुम्ही कोणाच्याच तोंडात मावणार नाही. मोजायचं तर आम्हाला मोजा ना! चाळीस जण आहोत आम्ही. माझं तर पोट आलंय, तरी मी जाईन बघा आत. आणि पिल्लांचं काय?"

"शू!" झालरबाई म्हणाली. "पाहुण्यासमोर असं बोलतात? त्याला काय वाटेल?"

पाहुणा द्वारकीकडेच बघत होता. एकटक. काय वाटलं ते त्याने सांगितलं नाही. फक्त आवंढा गिळला.

"हे बघ," सुवर्णराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "तू इतकी लहान आहेस, हा काय त्याचा दोष आहे का?"

यावर काय बोलावं ते तुम्हालाही सुचणार नाही, प्रयत्न करू नका. निवड एकमताने झाली. चिकटेकाकांनी काचेवरून तोंड काढलं नाही, याचा अर्थ त्यांचा पाठिंबा आहे असा घेतला गेला. मोठे दोघे परत गेले आणि बुटके पाइकराव टाकीत आले.

आले ते थेट कोपऱ्यातल्या नारळाच्या करवंटीत जाऊन राहिले. करवंटीला एक भोक होतं. त्या भोकातून तोंडाचं टोक तेवढं दिसायचं. तोंड मिटलेलं. कोणी समोरून गेलं की म्हणायचे, "नमस्कार. चाललंय ना ठीक? काही लागलं तर सांगा हं."

असा शेजारी तुम्हाला मिळायचा नाही, सांगून ठेवतो.

आठवड्याने समिती फेरफटक्याला निघाली. "काय मोकळं वाटतंय नाही?" झालरबाई म्हणाली. "झालरीला कोणाचा धक्का लागला नाही आज."

"गर्दी कमी झाली," सुवर्णराव म्हणाले. "पूर्वी काय ती वळवळ! या पाइकरावांमुळे शिस्त आली टाकीला."

गर्दी कमी झाली होती खरी. चाळीसाचे पंचवीस झाले होते. त्या पंधरात द्वारकीचा नवरा गेनू होता. त्याची शेपटी मोठी रंगीत. ती मिरवायची त्याला फार हौस, आणि मिरवत मिरवत तो करवंटीच्या भोकावरून गेला. द्वारकीने डोळ्यांनी बघितलं. भोकाशी काहीतरी हललं आणि गेनू नव्हता. शेपटीचा रंग तेवढा क्षणभर पाइकरावांच्या ओठाबाहेर दिसला आणि मग तोही आत गेला.

द्वारकी रडत ओरडत समितीकडे गेली. समितीने तिला बसवून घेतलं. रीतसर चौकशी झाली.

"तक्रार कोणाबद्दल?"

"माझ्या नवऱ्याला खाल्लं हो त्या मेल्याने!"

"म्हणजे अन्याय नवऱ्यावर झाला. मग तक्रार नवऱ्याने करायची. ज्याची तक्रार त्याने समक्ष यावं, असा नियम आहे."

"कुठून येणार तो? त्याच्या पोटात आहे!"

"चला, म्हणजे बेपत्ता नाही," सुवर्णराव म्हणाले. "ठावठिकाणा आहे. हे एक बरं झालं."

मग पाइकरावांना बोलावलं. ते आले आणि मान खाली घालून उभे राहिले. "माझ्याकडून कोणाला त्रास झाला असेल, तर त्याने मला तोंडावर सांगावं," ते म्हणाले. "मी मनापासून माफी मागेन."

ज्यांना त्रास झाला होता त्यांच्यापैकी कोणी काही बोललं नाही. पाइकरावांच्या पोटातून हूं नाही की चूं नाही.

"बघितलंस?" झालरबाई म्हणाली. "केवढा नम्रपणा! आणि काय गं, तो चावतो म्हणतेस, तर एक तरी जखम दाखव. एवढ्या गप्पींपैकी एकाच्या अंगावर ओरखडा नाही."

"ताई, तो चावत नाही, सबंध गिळतो. जे गिळले त्यांच्या जखमा तुम्हाला दिसणार कशा?"

"म्हणजे जखम नाही," सुवर्णराव म्हणाले. "लिहून घ्या. हिंसा आढळली नाही."

द्वारकीने हात जोडले. हात म्हणजे पर. "साहेब, गेनूचं राहू द्या. गेला तो गेला. मला आज-उद्या पिल्लं होतील. त्या वरच्या कोपऱ्यात मला एक जाळी लावून द्या. पंधरा दिवस पुरेत. पिल्लं जरा पळण्याएवढी झाली की काढून टाका. पाया पडते तुमच्या."

"जाळी?" झालरबाईच्या झालरी ताठ झाल्या. "आपल्या टाकीत? सगळ्यांनी मिळून मिसळून राहायची टाकी आहे ही! जाळी दिसली की बघणाऱ्याला वाटेल, इथे काहीतरी गडबड आहे."

"आहेच की!"

"असेल. वाटायला नको."

दुसऱ्या दिवशी भरदुपारी हुप्पाजीने वरून खाणं टाकलं. सगळे वर धावले. द्वारकी पाणवनस्पतीच्या दाटीत शिरली आणि तिथे तिला बावीस पिल्लं झाली. बावीस तीळ, आणि प्रत्येक तिळाला दोन डोळे. बाईचं ऊर भरून आलं. गेनू असता तर शेपटी फुलवून गावभर फिरला असता, असं तिला वाटलं.

"हलू नका रे," ती पिल्लांना म्हणाली. "अजिबात हलू नका."

पिल्लांना हलू नका सांगितलं की ती काय करतात, हे तुमच्याकडे बघून मी सांगू शकतो. नीट बसा.

खाणं पडलं तरी पाइकराव त्या दिवशी वर गेले नव्हते. ते सावकाश आले. घाई नाही, झटापट नाही. एक, मग दुसरं, मग तिसरं. द्वारकी मध्ये पडली. शेपटीने त्यांच्या डोळ्यावर मारलं. "मला खा!" म्हणून किंचाळली. पाइकराव म्हणाले, "जरा बाजूला होता का, वहिनी?" आणि तिला वळसा घालून पुढे गेले.

बाविसातलं एक पिल्लू उरलं. पोरगी होती, पाठीवर काळा ठिपका, म्हणून ठिपकी. ती जीव घेऊन सैरावैरा पळाली आणि काचेला चिकटलेल्या चिकटेकाकांच्या पोटाखाली शिरली. काकांना ते कळलं की नाही, ते नेहमीप्रमाणे कळलं नाही. पण काका त्या दिवसापासून काचेवरची जागा सोडेनात. शेवाळ संपलं तरी सोडेनात.

पुढल्या पंधरा दिवसांत गप्पी संपले. द्वारकी आणि ठिपकी, दोनच उरल्या. द्वारकी दिवसभर काकांच्या पोटाखाली अंग चोरून बसायची आणि ठिपकीला कण कण भरवायची. महाराज मात्र खूष होते. "काय रुबाबदार दिसतो!" म्हणायचे. "आणि बघा, एकाशी भांडण नाही! डुकराला बोलवा एकदा दाखवायला."

आणि मग एका दुपारी भयंकर प्रकार घडला. मुलांनो, घाबरू नका, पण सांगणं भाग आहे. पाइकरावांनी झालरबाईची झालर कुरतडली.

जास्त नाही, जराशी. टोकाची. पण समितीची तातडीची सभा त्याच घटकेला भरली.

"हे अमानुष आहे!" झालरबाई थरथरत होती. "जिवंतपणी! उजेडात! एका सभ्य बाईच्या अंगाला!"

"याला तडीपारच करायला हवं," सुवर्णराव गरजले. मग थांबले. "पण महाराजांचा लाडका आहे तो. आणि निवड आपण केली. एकमताने. चुकली म्हणायची?"

निवड चुकली, हे शब्द समितीच्या तोंडात मावत नव्हते.

"त्यापेक्षा मुळाशी जाऊ," सुवर्णराव म्हणाले. "पाइकराव असे नव्हते. आत्ताच का बिघडले? कारण ते एकटे पडलेत! लहान लहान माशांची सोबत होती, तोवर किती आनंदी होते."

"खरंच की," झालरबाईने डोळे पुसले. "लहान माशांशिवाय टाकी कशी सुनी सुनी वाटते."

ठराव झाला. लहान माशांवर आजवर फार अन्याय झाला. यापुढे त्यांना टाकीत मानाने आणि हक्काने जागा द्यायची. तूर्त तीस गप्पी ताबडतोब मागवायचे. हुप्पाजीला निरोप गेला.

आणि द्वारकीला बोलावणं आलं.

"ये द्वारके, अशी वर ये," सुवर्णराव म्हणाले. "चार बोटांचा नियम आम्ही शिथिल केलाय. आजपासून तू समितीवर. स्वागत सदस्य! नवी मंडळी आली की त्यांच्याशी दोन शब्द गोड बोलायचे. बिथरलेले गप्पी रंग टाकतात, आणि महाराजांना फिके मासे आवडत नाहीत."

"मला नाही जमायचं साहेब," द्वारकी म्हणाली. "मी त्यांना खरं ते सांगेन."

"सांग ना. कोणी अडवलंय?" झालरबाई मायेने म्हणाली. "बरं, तुझ्या त्या जाळीचं आम्ही बोललोय हुप्पाजीशी. एवढीशी जाळी, एका पिल्लापुरती. महाराजांना शोभेची म्हणून सांगू. चिकटेकाका आता किती दिवस उपाशी तग धरतील, नाही का? तेवढं स्वागत नीट झालं, की लगेच लावू."

द्वारकीने खाली बघितलं. काकांची पकड सुटत चालली होती. काचेवरून ते इंच इंच घसरत होते, आणि त्यांच्या पोटाखालून ठिपकीचे दोन डोळे दिसत होते. करवंटी तिथून फार लांब नव्हती.

द्वारकीने काय करायला हवं होतं? हात खाली करा. उत्तर माहीत असलेल्यांचं या गोष्टीत काम नाही.

हुप्पाजी पिशवी घेऊन आला. पिशवी टाकीत तरंगायला लागली. आत तीस गप्पी एकमेकांना बिलगून होते. एक नुसती पोरगेली मादी, पोटाने टम्म, प्लास्टिकला तोंड लावून बाहेर बघत होती. तिला द्वारकी दिसली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"अक्का, तुम्ही आमच्यातल्याच ना? बरं वाटलं बाई बघून. इथलं शेजारपाजार कसं आहे हो? माझे दिवस भरलेत, म्हणून विचारते."

द्वारकीने मागे बघितलं. जाळीचे तीन कोपरे बांधून झाले होते. आत ठिपकी एकटी गोल गोल फिरत होती. चौथ्या कोपऱ्याची दोरी झालरबाईच्या तोंडात होती आणि ती द्वारकीकडे बघत थांबली होती.

द्वारकी पिशवीजवळ गेली. इतकी जवळ, की दोघींच्या मध्ये प्लास्टिकच तेवढं उरलं. त्या पोरीच्या पोटातली पिल्लं हलताना तिला दिसली.

"ये गं बाई, ये," ती म्हणाली. "काळजी करू नकोस. इथे जागा भरपूर आहे."

तात्पर्य: शेजारी मनमिळाऊ आहे की नाही, हे ओळखणं अगदी सोपं आहे. आपण त्याच्या तोंडात मावत नसलो की तो मनमिळाऊ. जे मावतात, त्यांनी जमवून घ्यायला शिकावं.